शिरोळ परिसरातील भाषासंपर्क
कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा हा शिरोळ तालुका कर्नाटकाला लागून आहे. अनेक घरांत कन्नड, बाजारात मराठी अशी इथली रीत. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात जुने कन्नड शिलालेखही आहेत. या दोन भाषांच्या संपर्कात उसन्या शब्दांपेक्षा वाक्यरचनेतली देवघेव अधिक खोल आणि अधिक मोलाची आहे: मराठी ‘येतो म्हणून सांगितलं’ आणि त्याच अर्थाचं कन्नड ‘बर्तीनि अंत हेळिद’ यांत ‘म्हणून’ व ‘अंत’ एकाच जागी बसून एकच काम करतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यातील ‘कुपवार’ गावावरील जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा अभ्यास (१९७१) भाषाविज्ञानात जगभर उद्धृत होतो. तिथे मराठी, उर्दू आणि कन्नड यांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली; शब्द मात्र प्रत्येक समाजाने आपापले राखले, कारण घरची ओळख त्यांतच होती.