आवडीची किंमत

मुंबईत दूरदर्शन आले २ ऑक्टोबर १९७२ ला. तेव्हा संचाचेसुद्धा लायसन्स लागे. १९८५ साली ते गेले. आता बघणे फुकट, असे वाटते न वाटते तोच नव्वदीत केबलवाला दारात उभा! पण तो निदान माणूस होता. पुढच्या महिन्यात देतो म्हणता येई. गच्चीवरच्या छत्रीला काय सांगणार?

२०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचा नवा नियम आला: ज्याला जे हवे, तेवढ्याचेच पैसे. वा! मात्र आधी शंभर वाहिन्यांच्या जागेचे भाडे १३० रुपये, वर जीएसटी १८ टक्के. झाले १५३ रुपये ४० पैसे. (हे चाळीस पैसे पाहून आम्हा बँकवाल्यांना उगाच बरे वाटते.) पॅकमध्ये बसणाऱ्या वाहिनीला कमाल दर १९ रुपये. नामवंत वाहिन्यांनी कमाल तीच किंमत मानली. हिच्या मालिका, चिरंजीवांचे क्रिकेट, माझ्या बातम्या. बेरीज पूर्वीपेक्षा जास्त! फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, पॅक घ्या ना, स्वस्त पडेल." म्हणजे नको ते घेतले तर हवे ते स्वस्त.

हिच्या माहेरी सरकारी फ्री डिश आहे. मासिक भाडे शून्य. हल्ली ही तिकडे चार दिवस जास्तच राहते.