लिनक्स सोपे कसे झाले? जालन्याच्या मोंढ्यातून पाहिलेला एक इतिहास

१/ १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे भाग वेगळे काढून जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर दहा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९९१ रोजी, हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने आपण छंद म्हणून एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले. हीच पुढे लिनक्स झाली. नवशिक्याला ती बसवणे आणि सांभाळणे सोपे आहे का, हा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर काळानुसार आणि गावानुसार बदलत गेले आहे.

२/ १९९२ मध्ये लिनक्स जीपीएल परवान्याखाली आले. कोणीही त्याची प्रत काढावी, बदल करावेत, ती दुसऱ्याला द्यावी, याला कायदेशीर मुभा मिळाली. मुभा मिळाली तरी वाट सोपी झाली नव्हती. १९९३ चे स्लॅकवेअर फ्लॉपींच्या गठ्ठ्यातून बसवावे लागे. हार्ड डिस्कची विभागणी स्वतः करावी लागे आणि तिथे चूक झाली की आधीची माहिती पुसली जाई. मॉनिटरची वारंवारिताही हाताने लिहावी लागे.

३/ भारतात सामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, तेही दूरध्वनीच्या तारेवरून. ५६ केबीपीएसच्या मोडेमने ६५० एमबीची एक सीडी उतरवायची, तर पूर्ण वेग मिळूनही सुमारे २७ तास लागत. त्यामुळे लिनक्स येथे पसरले ते चकतीवरून. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळू लागली. त्या उपक्रमामागे बेळगावात शिकलेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३) होते. २००४ मध्ये उबुंटू आले. मागणी नोंदवली की त्याची सीडी टपालाने फुकट घरी येई. ही सोय २०११ पर्यंत चालली.

४/ दुसरी भीती होती माहिती गमावण्याची. २००० मध्ये आलेल्या नॉपिक्सने हार्ड डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून लिनक्स चालवून दाखवले. जून २००६ च्या उबुंटू ६.०६ मध्ये वापरून पाहणे आणि पसंत पडल्यास बसवणे, ही दोन्ही कामे एकाच सीडीवर आली. आधी पाहावे, मग ठरवावे, ही बाजाराची जुनी रीत संगणकालाही लागू झाली.

५/ सांभाळण्याचे दुखणे वेगळे होते. एक प्रोग्राम बसवायचा तर त्याला दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा. १९९९ च्या डेबियन २.१ पासून ‘ॲप्ट’ या साधनाने ही साखळी आपोआप जुळवायला आरंभ केला. पुढे एका आज्ञेने सगळी प्रणाली अद्ययावत करता येऊ लागली.

६/ मराठवाड्याला अधिक जवळची गोष्ट म्हणजे भारनियमन. वीज अचानक गेली की जुन्या ईएक्सटी-२ रचनेतील संगणकाला पुन्हा सुरू होताना संपूर्ण डिस्क तपासावी लागे. नोव्हेंबर २००१ मध्ये मूळ लिनक्समध्ये आलेली ईएक्सटी-३ रचना बदलांची नोंद आधी रोजनाम्यात करते आणि मग तो बदल प्रत्यक्षात उतरवते. त्यामुळे वीज परत आल्यावर रोजनामा वाचून काम भागते. मोंढ्यातल्या मुनिमाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही.

७/ राहिली भाषा. मजकुरी पडद्यावर प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकोन असतो. देवनागरीची जोडाक्षरे, आधी दिसणारी पण नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेद, हे त्या चौकोनांत बसत नव्हते. २००० मध्ये सुरू झालेला इंडलिनक्स प्रकल्प, लोहित फॉन्ट आणि अनेक स्वयंसेवी अनुवादक यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. २००७ मध्ये डेबियनची स्थापना चित्रमय पडद्यावरून करता येऊ लागली. १४ फेब्रुवारी २००९ च्या डेबियन ५.० मध्ये स्थापनेच्या भाषांच्या यादीत मराठीही आली.

८/ वाट मिळाली, भीती गेली, भाषा आली. तरीही जालन्यासारख्या व्यापारी शहरात लिनक्स घरोघरी पोहोचले नाही. व्यापाऱ्याचे हिशेब टॅलीवर होते, छापखान्याची अक्षरजुळणी श्रीलिपीवर, आणि हे दोन्ही प्रोग्राम विंडोजवर चालणारे. एमएस-सीआयटीच्या वर्गातही विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच शिकवले जाई. संगणक अडला तर विचारायचे कोणाला? दुरुस्तीवाल्याला विंडोज येत होते.

९/ केरळचा अनुभव येथे बोलका आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने शाळांतील संगणक टप्प्याटप्प्याने लिनक्सवर आणले आणि त्यासाठी हजारो शिक्षकांना प्रशिक्षण दिले. प्रणाली तीच, सीडीही तशीच. फरक एवढाच की तेथे अडलेल्या मुलाला विचारायला वर्गातच कोणीतरी होते.

१०/ लिनक्स बसवण्याचा सोपेपणा अनेक अनाम हातांनी घडवला. चकती पोहोचवणारे, रोजनाम्याची रचना लिहिणारे, ‘ऱ्या’ नीट उमटावा म्हणून झटणारे, हे सगळे त्यात आले. सांभाळण्याचा सोपेपणा मात्र गावातल्या माणसांवर अवलंबून राहिला. आज जालन्यातील एखादा विद्यार्थी जुन्या संगणकावर लिनक्स अर्ध्या तासात बसवू शकतो. तो संगणक वर्षभर चालेल की नाही, हे शेजारी आणखी कोणाला लिनक्स येते यावर ठरेल. म्हणून जो स्वतः शिकला, त्याने आणखी एकाला शिकवले, तर या इतिहासाचे पुढचे पान जालन्यातही लिहिले जाईल.