अखेरचा आजार आणि आपले कर्तव्य

वृद्ध आई-वडिलांच्या अखेरच्या आजारात उपचार किती करावेत व कोठे थांबावे, हा प्रश्न आज गोंदिया जिल्ह्यातील कोणत्याही कुटुंबापुढे उभा राहू शकतो. कृत्रिम श्वसनाची यंत्रे आल्यापासून तो अधिकच बिकट झाला आहे. उपचार थांबविणे म्हणजे पाप, अशी अनेकांची समजूत असते. म्हणून या प्रश्नाचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

१९८२ साली गोंदिया हे भंडारा जिल्ह्यात मोडत होते. त्या वर्षी आपल्याच विदर्भात, वर्ध्याजवळील पवनार आश्रमात, आचार्य विनोबा भावे यांनी हृदयविकारानंतर अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी देह ठेवला. विनोबाजींनी अरबी शिकून कुरआन शरीफचा अभ्यास केला होता. 'कुराण-सार' हे संकलनही त्यांचेच. हिंदू परंपरेत प्रायोपवेशन व जैन परंपरेत सल्लेखना यांना आदराचे स्थान आहे. इस्लाममध्ये मात्र जीवन ही अल्लाहची अमानत असल्याने मरणाच्या हेतूने अन्नत्याग करणे मान्य नाही.

औषधोपचाराची गोष्ट निराळी. पैगंबर साहेबांनी (स.) उपचार करण्यास सांगितले, तसेच वार्धक्याला औषध नाही हेही सांगितले. गुण येण्याची खात्री नसेल तेथे उपचार घेणे फर्ज नाही, असेच बहुसंख्य जुन्या धर्मशास्त्रज्ञांचे मत आहे. १९८१ साली कुवेत येथे इस्लामी वैद्यक परिषदेने हाच विचार पुढे नेला: दयेपोटीही वैद्याने जीव घेऊ नये, पण जीवन परत येणे अशक्य ठरल्यावर केवळ यंत्रांच्या बळावर मरण लांबवीत राहणे व्यर्थ होय. मेंदूचे कार्य कायमचे थांबल्याचे तज्ज्ञ डॉक्टरांनी ठरविल्यास यंत्रे काढता येतील, असा निर्णय १९८६ साली अम्मान येथे इस्लामी फिकह अकादमीने दिला.

आपला कायदाही याच दिशेने आला. मुंबईच्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने कडक अटींवर उपचार थांबविण्यास वाट दिली. २०१८ साली आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क मान्य झाला. २०२३ पासून असा लेख दोन साक्षीदारांसमक्ष, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे करता येतो. वसियतची परंपरा असलेल्या आपल्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. मात्र असा लेख करताना जाणकार आलिम व डॉक्टर या दोघांचाही सल्ला घ्यावा.

परंतु उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली असे नव्हे. म्हाताऱ्या आई-वडिलांपुढे त्राग्याचा शब्दही काढू नये, अशी कुरआनची शिकवण आहे. वेदना कमी करणे, ओठ ओले करणे, अंग स्वच्छ ठेवणे, शेजारी बसून हळू आवाजात कलमा म्हणणे, त्यांच्या कर्जाची व अमानतीची विचारपूस करणे, ही कर्तव्ये शेवटच्या श्वासापर्यंत राहतात. वडीलधारी माणसे बोलती आहेत तोवर त्यांची इच्छा अदबीने विचारून ठेवावी. ही जबाबदारी आज शिकणाऱ्या मुला-मुलींवरच उद्या येणार आहे.