परक्या किनाऱ्याची विद्या

समुद्रकांठीं राहणारा मनुष्य उपाशीं मरत नाहीं, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. इ. स. १६२० च्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर जें घडलें, तें मात्र या समजुतीच्या अगदीं उलट होतें.

त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत ‘मेफ्लॉवर’ जहाजांतून सुमारें शंभर इंग्रज माणसें केप कॉडच्या भूशिराशीं पोंचलीं. कॉड हें माशाचेंच नांव. तो तेथें विपुल सांपडला म्हणून १६०२ मध्यें भूशिराला तें नांव पडलें. जहाजाभोंवतीं देवमासे खेळत होते. परंतु आलेल्यांपैकीं पुष्कळांचें आयुष्य हॉलंडमधील लायडन शहरांत, विणकामासारख्या धंद्यांत गेलेलें. देवमासा मारण्याचीं हत्यारें त्यांच्याजवळ नव्हतीं. लहान मासे धरावे, तर तेवढे बारीक गळही नव्हते. पुढें प्लिमथ येथें वस्ती केल्यावर जाळीं इतकीं कच्चीं ठरलीं कीं, बास मासे तीं फाडून निघून जात. थंडी, रोग आणि अपुरें अन्न यांमुळें वसंत ऋतु येईपर्यंत जवळजवळ निम्मीं माणसें दगावलीं.

मार्च १६२१ मध्यें टिस्क्वांटम नांवाचा एक मूळ रहिवासी त्यांच्याकडे आला. प्लिमथची वस्ती ज्या जागीं उभी होती, तेथेंच त्याचें पटक्सेट हें गांव होतें. १६१४ मध्यें एका इंग्रज कप्तानानें त्याला पळवून स्पेनमध्यें विकण्यास नेलें होतें. तेथून तो लंडनला गेला, इंग्रजी शिकला, आणि १६१९ मध्यें परतला. पाहतो तों सांथीनें सारें गांव ओस पडलेलें!

या माणसानें परक्यांना आपल्या किनाऱ्याची विद्या दिली. एके दिवशीं दुपारीं तो वाम मासे धरावयास गेला. गळ नाहीं, जाळें नाहीं. पायांनीं चिखल तुडवावा आणि वर येणारा मासा हातांनीं पकडावा, एवढीच त्याची रीत. संध्याकाळीं तो एका हातानें उचलतां येतील तितके पुष्ट मासे घेऊन आला. एप्रिलच्या मध्यास ओढ्यांतून वर चढणारे हेरिंगच्या जातीचे मासे कसे धरावे, आणि ते मक्याच्या शेतांत खत म्हणून कसे पुरावे, हेंही त्यानें शिकविलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत वस्तीवाले एका रात्रींत पिंपभर वाम मासे सहज धरूं लागले.

टिस्क्वांटम १६२२ मध्यें वारला. १६२३ मध्यें धान्य संपलें, तेव्हां वस्तीजवळ एकच होडी होती. सहासात जणांची एक टोळी जाळें घेऊन निघे आणि पांचसहा दिवस लागले तरी रिकाम्या हातानें परतत नसे. ती आली कीं लगेच दुसरी निघे. होडीला उशीर झाला, कीं बाकीचे ओहोटीच्या वेळीं वाळू उकरून शिंपले काढीत. त्या उन्हाळ्यांत इंग्लंडहून आलेल्या आप्तांपुढें त्यांना शेवंड किंवा माशाचा तुकडा आणि झऱ्याचें पाणी एवढेंच ठेवतां आलें, पाव नव्हता. तें पाहून कित्येक नवागतांना रडूं कोसळलें. तथापि पहिल्या हिंवाळ्यांत याच पाण्याशेजारीं निम्मी वस्ती मेली होती. आतां त्याच पाण्यानें ती सुगीपर्यंत तगविली. समुद्र पूर्वींचाच होता. त्यांतून अन्न काढण्याची पहिली शिकवण ज्यानें दिली, त्याचें स्वतःचें गांव मात्र त्याच किनाऱ्यावरून नाहींसें झालें होतें.