रॉसवेलचा जो बॉमन

बेसबॉलच्या खेळांत चेंडू कुंपणापलीकडे टोलविला, कीं त्यास होमरन म्हणतात. क्रिकेटमधील षट्काराचाच तो भाऊबंद. अमेरिकेंत १९५४ सालीं जो बॉमन यानें एकाच हंगामांत असे ७२ टोले हाणले. मात्र मेजर लीगच्या बड्या संघांतून तो एकही सामना खेळला नाहीं. त्याचें आयुष्य गेलें तें लहान गांवांच्या मायनर लीगमध्यें.

ओक्लाहोमा राज्यांतील वेल्च येथें १९२२ सालीं जन्मलेला हा धिप्पाड, डावखुरा गडी महायुद्धांत नौदलांत होता. पुढें बोस्टन ब्रेव्ह्जच्या चालकांनीं पगार सांगितला, तेव्हां भररस्त्यांत बुटांच्या नाड्या विकून आपण याहून अधिक मिळवूं, असें त्यानें सुनावलें. हा ताठा म्हणावा कीं व्यवहार? बहुधा व्यवहारच, कारण न्यू मेक्सिकोंतील रॉसवेल गांवीं तो पेट्रोल पंप चालवी, रॉकेट्स संघाकडून खेळे, आणि होमरन झाला, कीं प्रेक्षक जाळीच्या भोकांतून त्याच्या हातीं डॉलरच्या नोटा सरकवीत.

मायनर लीगचा ६९ होमरनांचा उच्चांक जो हाउझरनें १९३३ मध्यें केला व बॉब क्रूझनें १९४८ मध्यें गांठला होता. १९५४ च्या ५ सप्टेंबरला, हंगामाच्या शेवटच्या दिवशीं, बॉमनही ६९ वरच उभा होता. सामने दोन, तेहि त्याच्या जुन्या संघाच्या आर्टेशिया गांवीं. पहिल्यांत एक, दुसऱ्यांत दोन!

१९५६ सालीं त्यानें खेळ सोडला. २००१ सालीं बॅरी बाँड्सनें ७३ होमरन मारीपर्यंत अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्यें त्याच्या पुढें कोणी गेलें नाहीं. २००५ सालीं रॉसवेलच्या मैदानास त्याचें नांव देण्याच्या समारंभांत तो पडला, आणि त्या दुखण्यांतून उठला नाहीं.