आईचा मनी प्लांट

मनी प्लांट चोरून आणला तरच पैसा येतो म्हणतात. बँकेतल्या कारकुनाने हे करायचं कसं? ती जोखीम आईने पत्करली. चिकलठाण्याच्या आमच्या घरात तिचा वेल वीस वर्षं खिडकीशी होता. पैसा वाटेतच अडकला. आई गेली. मग मी मायेने रोज तांब्याभर पाणी घालू लागलो. पानं पिवळी पडली. मी तांबे वाढवले. मुळांना हवा मिळेना, ती कुजली.

तेव्हा हा कॉमर्स पदवीधर वनस्पतिशास्त्राकडे वळला. वेलाचं माहेर ताहितीजवळचं मूरेआ बेट. १८८० साली युरोपातल्या पंडितांनी त्याला ‘ऑरियस’, म्हणजे सोनेरी, असं नाव दिलं. (त्यांनाही पैशाचाच वास आला असावा!) फूल मात्र सहसा येतच नाही. फुलायला लागणारं संप्रेरकच त्याला पुरेसं बनवता येत नाही, हे २०१६ साली उमगलं. फूल नाही, म्हणून बी नाही. घरोघरचे वेल कुणाच्या तरी वेलाचे तुकडेच.

म्हणजे नवा आणून आईचा झाला नसता. एकच पेर हिरवं होतं. ते कापून औषधाच्या बाटलीत ठेवलं. अठराव्या दिवशी पांढरं मूळ दिसलं.

बायकोने तांब्या लपवून ठेवलाय.