दुसऱ्या पायरीवरचे गाव

आयर्लंडच्या आग्नेय भागात किल्केनी नावाचा परगणा आहे. त्याच्या पश्चिम टोकाला, टिपरेरी परगण्याच्या शिवेलगत तुलारोन हे लहानसे खेडे वसले आहे. हिरवी कुरणे, दुभत्या गाई आणि थोडी घरे. प्रवाशाने मुद्दाम वाट वाकडी करावी असे तिथे फारसे काही नाही. पण हर्लिंग या खेळाचा इतिहास सांगायचा तर या खेड्याला वगळता येत नाही.

हर्लिंग म्हणजे काय? आपल्या विटीदांडूतला दांडू हातभर लांब करावा, त्याचे टोक पसरट आणि किंचित वाकडे करावे, विटीच्या जागी कातड्याने शिवलेला लहान चेंडू घ्यावा आणि पंधरा-पंधरा गड्यांना मैदानात सोडावे, म्हणजे थोडी कल्पना येईल. दांडू अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाचा असतो. आयरिश भाषेत त्याला ‘कमॉन’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी वाकडेपणाच आहे. आपल्या ‘कमानी’शी त्याचे नाते नाही, नुसता योगायोग, पण कानाला मौज वाटते. चेंडू खांबांमधल्या आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर गोल, आणि एका गोलाचे तीन गुण. हिशेब लिहिताना आधी गोल लिहितात, मग गुण.

खेळ फार पुरातन आहे. पण त्याला नियमांची चौकट मिळाली ती 1 नोव्हेंबर 1884 रोजी. थर्लस गावातल्या एका हॉटेलात मायकेल क्यूसॅक, मॉरिस डॅविन आदी मंडळी जमली आणि त्यांनी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. देश तेव्हा इंग्रजांच्या अमलाखाली होता. आपले खेळ आपण जपायचे, हा त्यामागचा बाणा होता. संस्थेची बांधणी झाली ती पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीच्या आधाराने. ज्याने त्याने आपल्या वस्तीसाठी खेळायचे, आणि तेही बिनपगारी. आजही परगण्याच्या संघातला नामवंत गडी सोमवारी सकाळी आपल्या नोकरीधंद्यावर हजर असतो.

1887 साली किल्केनी परगण्याची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती तुलारोनने जिंकली. त्या काळी परगण्याच्या विजेत्या गावाचा संघच अखिल आयर्लंड स्पर्धेत परगण्याच्या नावाने उतरत असे. 1904 सालच्या स्पर्धेचा अंतिम सामना रेंगाळत रेंगाळत जून 1906 मध्ये झाला. तुलारोनच्या गड्यांनी कॉर्कच्या सेंट फिनबार्स संघाला 1 गोल 9 गुण विरुद्ध 1 गोल 8 गुण, म्हणजे अवघ्या एका गुणाने हरवले. किल्केनीचे ते पहिले अखिल आयर्लंड अजिंक्यपद. पुढे या परगण्याने अशी अजिंक्यपदे इतकी मिळवली की कोणी त्याच्या जवळपासही सहज पोहोचत नाही. पण पहिला दिवा तुलारोनने लावला.

याच गावचा लॉरी माहर. 1931 साली कॉर्कविरुद्धचा अंतिम सामना दोनदा बरोबरीत सुटला आणि तिसऱ्यांदा खेळावा लागला. दुसऱ्या सामन्यात माहरच्या बरगड्या मोडल्या होत्या, म्हणून तिसऱ्यात तो नव्हता, आणि किल्केनी हरले. 1935 साली मात्र छत्तिसाव्या वर्षी त्याने कप्तान म्हणून अजिंक्यपद घरी आणले. त्याचे गवती छपराचे घर गावाने जपून ठेवले आहे.

परंतु वाचकहो, कोणाचीही गादी कायम नसते. किल्केनीत गावांच्या संघांच्या श्रेणी आहेत. वरच्या श्रेणीत बारा संघ, तिच्याखालच्या ‘इंटरमीडिएट’ श्रेणीत बारा, आणि त्याखाली ज्युनिअर. दर वर्षी वरच्या बारांतला सर्वांत दुबळा खाली उतरतो आणि खालच्या बारांतला विजेता वर चढतो. खेळाडू विकत आणण्याची सोय नाही. गावात पाळणे कमी हलले, किंवा हातातोंडाशी आलेली पोरे कामाधंद्यासाठी डब्लिन-लंडनला गेली, की संघ खचतो. तुलारोनने 1958 नंतर परगण्याचे पद जिंकले ते एकदम 1994 साली. आणि पुढे एक दिवस हे गाव दुसऱ्या श्रेणीत आले.

एकटे तेच नव्हे. पन्नास-साठच्या दशकांत दरारा असलेले बेनेट्सब्रिज तर दोन पायऱ्या खाली गेले होते. 2015 साली त्याने अखिल आयर्लंडची ज्युनिअर स्पर्धा जिंकली, आणि लगेच 2016 साली इंटरमीडिएटही.

2019 साली तुलारोनने किल्केनीची इंटरमीडिएट स्पर्धा जिंकली. त्या संघात टॉमी वॉल्श होता. परगण्यासाठी खेळताना त्याला मिळवायचे काही उरले नव्हते: 2003 पासून सलग नऊ वर्षे देशातल्या सर्वोत्तम पंधरांत त्याची निवड झाली होती. 2014 साली परगण्याच्या संघातून तो निवृत्त झाला. पण गावाच्या संघातून कोण निवृत्त होतो? छत्तीस वर्षांचा हा गडी दुसऱ्या श्रेणीच्या चिखलात गावच्या पोरांबरोबर उतरला.

11 जानेवारी 2020. डब्लिनचे भव्य क्रोक पार्क मैदान. इंटरमीडिएट संघांचा अखिल आयर्लंड अंतिम सामना. समोर पुन्हा कॉर्कचाच एक संघ, फादर ओनील्स. त्याने पाच गोल मारले, तुलारोनने तीनच. पण हिशेब मांडला तेव्हा तुलारोनचे 3 गोल 19 गुण, म्हणजे अठ्ठावीस, आणि कॉर्कवाल्यांचे 5 गोल 12 गुण, म्हणजे सत्तावीस. शतकापूर्वीसारखेच, एका गुणाने!

पहिला विजय देशाच्या सर्वोच्च पदाचा होता, हा दुसऱ्या पायरीवरचा. मोठा कोणता? इतिहासाच्या पुस्तकात पहिला. पण पहिल्या वेळी गावाला आपली उंची ठाऊक नव्हती. या वेळी ती ठाऊक होती, आणि ती हरवल्याचे दुःखही ठाऊक होते.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. 2009 साली आयर्लंडमध्ये सर्वांत दुबळ्या परगण्यांसाठी एक स्वतंत्र चषक सुरू झाला. त्याला नाव दिले लॉरी माहरचे. तळच्या पायरीवर धडपडणाऱ्यांच्या हाती त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या गड्याचे नाव दिले. त्यात कोणाला त्या गड्याचा कमीपणा वाटला नाही.